लोलक नसलेली घंटी

इरा आणि निषाद,

गेल्या महिन्यात इराने मला एक फोटो पाठवला. तिच्या तळहातावर अंगठ्याच्या पेराएवढी एक घंटी, घंटीवर चांदीची शेळी, वर बारीक साखळी. खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'आजी, तुझं डिझाइन इथे कॅनडात मिळालं! तुझी आठवण म्हणून घेतलं. पण वाजत नाही गं. बिघडलंय का?'

डबीतून आलेल्या कार्डाचाही फोटो होता. त्यावर गोष्ट छापली होती. मराठवाड्यातल्या एका गरीब मेंढपाळ बाईची लाडकी शेळी मेली, तिने त्या शेळीची घंटी एका कलाकार स्त्रीला भेट दिली, आणि त्या भेटीतून हा दागिना जन्माला आला, अशी.

शेळी मेली हे खरं आहे. बाकी सगळं खोटं आहे.

तुमचा बाबा म्हणाला, 'आई, जाऊ दे ना, मुलीने प्रेमाने घेतलंय.' पण इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाई दोन वर्षं मागे लागल्या आहेत, तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणून. तेव्हा तुम्हाला लिहिते आणि त्यांना छापायला देते. खोटं छापून आलं आहे, तर खरंही छापूनच यायला हवं. बाबाकडून वाचून घ्या. तुम्ही इंग्रजी शाळेत शिकलात, इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं हे कळतं मला, पण चिडून लिहायचं तर मला मराठीच लागते.

आधी कामाबद्दल. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले. कॉलेजात शिकवीन अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्याऐवजी जुन्या शहरात रफीक उस्तादांच्या कारखान्यात जाऊन बसले. कारखाना म्हणजे एक खोली, एक भट्टी आणि चार पाट. उस्ताद बिदरीचं काम करत. काळ्या धातूवर बारीक रेघा कोरायच्या आणि त्यात चांदीची तार ठोकून बसवायची. त्यांच्याकडे मी सहा वर्षं शिकले. मग दौलताबाद रस्त्याला आपल्या घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. तुम्ही लहानपणी त्याच टेबलाखाली खेळायचात आणि मी ओरडायचे, आठवतं का?

मी फक्त एका प्रकारचे दागिने करत असे: माणसांनी पाळलेल्या जनावरांचे. कुणाचं मांजर, कुणाचा पोपट, कुणाचा बैल. जनावर जिवंत असेल किंवा गेलेलं असेल. लोक फोटो घेऊन येत आणि म्हणत, 'हुबेहूब करा.' मी फोटो बाजूला ठेवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, 'फोटोत न दिसणारी एक खूण सांगा.' उत्तर वहीत लिहायचं, तारीख घालायची, आणि मगच हत्यार हातात घ्यायचं. ती वही माझ्या कामाचा निम्मा भाग होती. गुलमंडीतल्या एका कापडदुकानदाराच्या आईने सांगितलं की पोपट तिच्या खांद्यावर बसून कायम डाव्या कानातलं चावायचा. मी तिला एका कडेला कुरतडलेलं कानातलं करून दिलं. मुलगा तणतणत आला, 'बाई, खोटा माल दिलात आमच्या आईला!' आई मागून म्हणाली, 'गप बस रे. तुला काय कळतंय त्यातलं?'

चिकलठाण्याच्या एका कारखान्यातले निवृत्त फोरमन आले होते. त्यांचा कुत्रा मोती, कारखान्याचा भोंगा वाजला की एक कान उभा करायचा. कोणता? डावा. मी बिल्ला केला. ते बघून म्हणाले, 'बाई, हा तर उजवा.' मी वही काढून दाखवली: डावा. ते म्हणाले, 'अहो, मी समोर बसायचो ना त्याच्या. माझ्या डाव्या हाताचा!' बिल्ला पुन्हा केला. तेव्हापासून माझ्या वहीत एक जादा रकाना आहे: 'डावा, पण कुणाचा?' पुरुषमाणसाने दागिना कसा मिरवायचा म्हणून ते तो शर्टाच्या खिशात आतल्या बाजूने लावत. मला ते फार आवडलं होतं.

आणि एक गृहस्थ आले होते, बर्फातला कुत्रा आपल्या मे महिन्याच्या उन्हात पाळणारे. मोठी गाडी, हातात दहा फोटो. खूण विचारली तर म्हणाले, 'प्युअर ब्रीड आहे.' ती खूण नाही म्हटलं. त्यांनी बराच विचार केला. एक खूण सांगता येईना. दारात त्यांचा ड्रायव्हर उभा होता, तो हळूच म्हणाला, 'मॅडम, झोपताना माझ्या चपलेवर तोंड ठेवतो.' मी अंगठी केली, चपलेवर तोंड ठेवून झोपलेला कुत्रा. मालक म्हणाले, 'चप्पल काढून टाका.' मी म्हटलं, 'मग कुत्राही काढावा लागेल.' ते अंगठी न घेताच गेले. ती ड्रायव्हरला दिली. आजही ते आठवलं की माझा जीव निवतो.

हे सगळं फुशारकीने सांगते आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात फुशारकीला जागा नाही.

हिराबाई तुम्ही पाहिल्या आहेत. दर उन्हाळ्यात त्यांची मेंढरं आपल्या घरावरून जायची आणि आपण त्यांच्यासाठी नळीने दगडी डोणीत पाणी भरायचो. निषाद एकदा त्या डोणीत पडला होता. मेंढरांच्या पुढे एक शेळी असायची, चिंगी. मेंढरू आपल्या बुद्धीने रस्ता धरत नाही. शेळी पुढे चालते, तिच्या गळ्यात मुठीएवढी काशाची घंटी असते, आणि त्या आवाजामागे कळप चालतो. चिंगीची आई ती जन्मली त्याच दिवशी मेली होती. हिराबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून, स्वतःच्या घोंगडीत घेऊन वाढवलं. त्या तिच्याशी सुनेपेक्षा जास्त बोलतात असं त्यांची सूनच मला म्हणाली होती.

इरा दहावीत होती त्या वर्षी चिंगी म्हातारी होऊन गेली. चार दिवसांनी हिराबाई घंटी पदरात गुंडाळून माझ्याकडे आल्या.

'बाई, हिची कडी झिजलीया. नवी बसवा. चिंगीच्या लेकीला बांधायची हाय, गुंजीला. आन् जुनी कडी टाकू नगा. तिचं मला गळ्यात घालायला कायतरी करा.'

'आणखी काही?'

'आनखी काय? आठ दिसांत द्या. मेंढरं बिनघंटीची ऐकत न्हाईत.'

मुलांनो, इतकं स्पष्ट गिऱ्हाईक मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही. नवी कडी, आणि जुन्या कडीचं काहीतरी. दोन कामं. आणि मी काय केलं? घंटीला एका बाजूला तडा होता, तो मी धातू वितळवून, झाळून बुजवला. अंगावर वर्षानुवर्षांचा काळा थर होता, तो घासून लख्ख केला. तुम्हाला माहीत आहे, मला काही मळकट राहिलेलं बघवत नाही. मग वाटलं, नुसतीच कशी द्यायची? म्हणून चांदीची एक देखणी शेळी करून तिच्यावर झाळून बसवली. मान वर, शिंगं मागे वळलेली. जुनी कडी पाकिटात घातली आणि पाकिटावर व्यवस्थित अक्षरात लिहिलं: 'वापर नाही.'

रफीक उस्तादांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, 'बाई, बजाको देखे क्या?'

मी म्हटलं, 'उस्ताद, काम तो देखिए!'

'काम तो देख रहा हूँ,' ते म्हणाले, आणि घंटी परत माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, म्हातारे झाले.

त्याच सुमारास जालना रस्त्यावरच्या एका हॉटेलात माझ्या कामाचं प्रदर्शन व्हायचं होतं. एका शोरूमच्या मालकांनी ते भरवलं होतं. त्यांचं नाव लिहीत नाही, लिहिण्याच्या लायकीचं नाही. ते घरी आले, घंटी पाहिली आणि म्हणाले, 'मॅडम, हाच आपला मेन पीस! गोष्ट काय आहे याची?'

'गोष्ट नाही, घंटी आहे. गिऱ्हाइकाची आहे.'

'आठ-दहा दिवस ठेवू फक्त. माहितीपत्रकात फोटो टाकतो.'

आणि मी दिली. हिराबाईंना न विचारता. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि तीनही वेळा परत लिहिलं.

आठव्या दिवशी हिराबाई आल्या. मी म्हटलं, 'अजून दहा दिवस लागतील.' त्या म्हणाल्या, 'बरं. पर गुंजीच्या मागं चालंनात मेंढरं. इकडं एक, तिकडं एक.' मला ती नेहमीची गिऱ्हाइकाची घाई वाटली. मी त्यांना चहा दिला.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळी त्या पुन्हा आल्या. फाटकाच्या आत आल्याच नाहीत. बाहेरूनच म्हणाल्या, 'काल हायवेला कळप फुटला. गाभण मेंढी गेली ट्रकखाली. घंटी द्या बाई, जशी असंल तशी.'

आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी रिक्षा केली आणि त्यांना घेऊन हॉटेलात गेले.

दारात वॉचमन म्हणाला, 'मावशी, काठी बाहेर ठेवा.' हिराबाईंनी काठी कुंडीला टेकवली. आत गार हवा, पांढरे दिवे, आणि मधोमध काचेच्या पेटीत निळ्या मखमलीवर त्यांची घंटी. मालक धावत आले.

'अरे वा! ओरिजिनल मेंढपाळ! मॅडम, तुम्ही तर सरप्राइज दिलंत. मावशी, इकडं बघा, घंटीकडं हात करा. एक फोटो.'

'फोटू कशाला?' हिराबाई म्हणाल्या. 'मेंढरं न्यायचीत मला.'

मी पेटी उघडली आणि घंटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पाहिलीच नाही. कानाशी नेऊन हलवली.

टप. टप. पत्र्याच्या डब्यात खडा पडावा तसा आवाज.

पुन्हा हलवली. उलटी करून आतला लोलक बोटाने चाचपला, तिसऱ्यांदा हलवली. मग माझ्यापुढे धरली. 'ही न्हवं.'

'तीच आहे, हिराबाई. मी स्वतः...'

'दिसाया आसंल. चिंगीची घंटी झरझर वाजायची. ही मुकी हाय.' आणि मग त्यांचं लक्ष चांदीकडे गेलं. 'आन् ही कुणाची शेळी?'

'चिंगी.'

'चिंगीला शिंगं कवा व्हती?'

चिंगी भुंडी होती. अकरा उन्हाळे ती आपल्या डोणीत पाणी प्यायली होती. तिच्या डोक्यावरून मी हात फिरवला होता. आणि माझ्या वहीत, जिथे कुणाच्या कुत्र्याचा कुणाकडून डावा कान याला वेगळा रकाना आहे, तिथे हिराबाईंच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांना मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. का नाही विचारला? गुलमंडीतून, चिकलठाण्यातून लोक गाडीने आले की मी वही उघडायचे. आपल्या नळावर पाणी पिणाऱ्या बाईची आपल्याला सगळी माहिती आहे असं मी धरून चालले होते. तो तडा म्हणजेच चिंगीची खूण होती. मी तो बिघाड समजून बुजवला.

मालक म्हणाले, 'आवाजाचं काय एवढं मनावर घेता? लोक घरात नुसती ठेवणार. आणि ही वस्तू शेळीच्या गळ्यात जाणार? मॅडम, वेडेपणा आहे हा.'

'घंटी आहे ती,' मी म्हटलं. 'आणखी कुठे जाणार?'

'माहितीपत्रक छापून झालंय! त्यात लिहिलंय की त्यांनी तुम्हाला भेट दिली.'

'कुणी सांगितलं तुम्हाला?'

'सांगायला कशाला लागतं? तसंच छान वाटतं ना.'

मी घंटी घेतली आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. काठी कुंडीपाशी नव्हती. वॉचमनने ती कचऱ्याच्या डब्यामागे टाकली होती. हिराबाईंनी ती शोधून काढली आणि पदराने पुसली. त्यांची घंटी मी न विचारता घासली होती आणि त्यांची काठी याने न विचारता फेकली होती. वॉचमनला मी तिथे फार बोलले. मालकाला बोलायला हवं होतं, आणि त्याच्याही आधी स्वतःला.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना रिक्षात घालून दौलताबादच्या खाली हिराबाईंच्या माळावर नेलं. उस्तादांचे गुडघे गेले होते, पण हकिकत ऐकून लगेच उठले. आपली हत्यारं कापडात बांधून घेतली. किल्ल्याच्या सावलीत बाभळीखाली बसलो. मेंढरं लांब चरत होती. नवी कडी मी घरूनच बसवून आणली होती. पहिलं काम, आणि तेही वायदा मोडून.

उस्तादांनी दिव्याची आच देऊन आधी चांदीची शेळी काढली. हिराबाईंनी घंटी वाजवली. थोडी बोलली, पण झरझर नाही. आता तडा मोकळा करायचा होता. उस्ताद थांबले.

'ये पूरी चिर गई तो?'

हिराबाईंना मी समजावून सांगितलं: झाळ काढताना तडा पुढे सरकला, तर घंटीचे दोन तुकडे होतील. मग काहीच उरणार नाही.

त्या म्हणाल्या, 'मुकी ठेवून तरी काय करू? काढा, चाचा.'

उस्ताद केसाएवढं पातं घेऊन तड्यातला झाळ कणाकणाने काढू लागले. थोडं काढायचं, घंटी हिराबाईंना द्यायची. त्या वाजवायच्या, आणि घंटीकडे नाही, मेंढरांकडे बघायच्या. मेंढरं माना खाली घालून चरत राहायची. परत उस्तादांकडे. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. उस्तादांच्या नाकावरून घाम ओघळत होता आणि मी त्यांच्या डोक्यावर माझी छत्री धरून उभी होते. त्या दिवशी तेवढंच काम माझ्या लायकीचं होतं.

मग एकदा हिराबाईंनी घंटी हलवली आणि आवाज फाटला. झर्र.

एका म्हाताऱ्या मेंढीचं तोंड चालायचं थांबलं. तिने मान वर केली. हिराबाईंनी पुन्हा हलवली. दुसरी वळली, तिसरी वळली. गुंजी पळत आली आणि हिराबाईंच्या हाताला हुंगू लागली. तिच्यामागे सगळा कळप आमच्या अंगावर आला. उस्ताद हत्यारं छातीशी धरून ओरडले, 'अरे बाई, मेरे पाँव!'

हिराबाईंनी गुंजीच्या गळ्यात घंटी बांधली. बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, 'जरा बारीक झालाय आवाज. पर वळख लागली.'

आणि माझ्याकडे वळून, 'जुनी कडी?'

मी पिशवीतून पाकीट काढलं. 'वापर नाही' ही बाजू खाली केली. त्यांना वाचता येत नाही, तरी. कडी हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. एका बाजूने ती चिंगीच्या गळ्याशी घासून कागदासारखी पातळ झाली होती. अकरा वर्षांचं चालणं होतं त्यात. मी विचारलं, 'हिचं काय करून देऊ?' यावेळी विचारलं.

'काय नगं. हाय तशी.' त्यांनी ती काळ्या दोऱ्यात ओवली आणि तिथल्या तिथे गळ्यात बांधली. मी आयुष्यभर जे करू पाहत होते ते माझा हात न लागता तयार झालं.

ट्रकखाली गेलेली मेंढी काही परत आली नाही. त्यांनी तिचा विषय पुन्हा काढला नाही. मी दोनदा काढला, दोन्हीदा त्या म्हणाल्या, 'व्हय. गेली ती.'

आता तुझं लॉकेट, इरा. मालकांनी माहितीपत्रकातल्या फोटोवरून साचा केला आणि नकला ओतल्या. माझं डिझाइन चोरलं याचा मला राग आहे, पण तो थोडा. तुझ्या शेळीला शिंगं आहेत, बघ. ती चिंगी नाही. ती माझी चूक आहे, आणि ते आता जगभर माझी चूक पाठवत आहेत. तुझी घंटी बिघडलेली नाही. उलटी करून बघ, आत लोलकच नाही. मी मालकांच्या दुकानाला लिहिलं की तुमच्या कार्डावरची गोष्ट खोटी आहे, ती काढून टाका. उलट उत्तर आलं, 'तुमच्या प्रेमाबद्दल आभार', आणि एक लाल बदाम. पुन्हा लिहिलं. पुन्हा बदाम.

मी हिराबाईंकडे जाऊन फोटो दाखवला आणि कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला. 'शिंगं आजून तशीच व्हय?' म्हणून हसल्या. मग 'गरीब' या शब्दाशी थांबवलं मला. 'गरीब कोन? त्या लिवणाऱ्याकडं किती मेंढरं हायेत, इचारा.' आणि 'भेट' ऐकल्यावर हसू गेलं. 'म्या कवा दिली भेट? चिंगीची घंटी भेट देईन मी? लिवा बाई. दिली न्हाई म्हून लिवा.'

म्हणून लिहिलं. घंटी हिराबाईंनी कुणालाही भेट दिलेली नाही. माझ्याकडे दुरुस्तीला दिली होती.

लॉकेट परत पाठवू नकोस, फेकूही नकोस. ठेव. कुणी विचारलं तर सांग की शिंगं आजीची आहेत आणि कार्डावरची गोष्ट दुकानदाराची.

रफीक उस्ताद आता नाहीत. माझा हात थरथरतो, म्हणून टेबल झाकून ठेवलं आहे. चांदीची शिंगवाली शेळी मी वितळवली. वही आहे. हिराबाईंच्या नावापुढची जागा त्या दिवशी माळावरून आल्यावर भरली: 'भुंडी. घंटीला तडा. आवाज झरझर.' गुंजीही आता म्हातारी झाली, ती घराशीच असते. घंटी तिच्या लेकीच्या गळ्यात आहे आणि वाजते. जुनी कडी हिराबाईंच्या गळ्यात आहे.